कृष्णविवर काही ‘ओढून’ घेत नाही: लायक्राच्या कापडावर ते नीट दाखवायची पद्धत

तालुका विज्ञान प्रदर्शनात हे मॉडेल हमखास दिसतं. ताणलेलं काळं कापड, मधोमध जड गोळा आणि काठावरून सोडलेली गोटी. गोटी सरळ मध्यावर गडगडत जाते आणि शेजारी उभं असलेलं पोर सांगतं, “कृष्णविवर आजूबाजूचं सगळं ओढून घेतं.” कापड ठीक, गोळा ठीक, सांगणं मात्र चुकीचं. तशी गोटी सोडली की दुसरं काही दिसूच शकत नाही.

खरा क्रम वेगळा आहे. कृष्णविवराजवळ येणारं द्रव्य जवळपास नेहमीच फिरत असतं आणि ते फिरणं सुटल्याशिवाय आत पडत नाही. फिरणाऱ्या वायूचे थर एकमेकांना घासतात, घासताना तापतात, तापून चमकतात आणि ऊर्जा गमावत हळूहळू आत सरकतात. आधी फिरणं, मग घासणं, मग तापणं, शेवटी पडणं. खालच्या सगळ्या पायऱ्या हा क्रम कापडावर दिसावा म्हणून रचल्या आहेत. मधली पायरी गाळली तर पुढची खोटी ठरते.

## सामान

- १२ मिमी गोल सळईची रिंग, व्यास १२० सेंमी. सळई ३ मीटर ७७ सेंमी लागते. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे रोलरवर वळवून मिळते. हाताने वाकवलेली रिंग अंडाकृती होते, ती नको.
- चारही बाजूंनी ताणणारं गडद रंगाचं लायक्रा, ६० इंची पन्ह्याचं, दीड मीटर. दुकानातच आडवं-उभं ताणून बघा. एकाच बाजूने ताणणारं होजिअरीचं कापड चालत नाही.
- ५१ मिमीच्या ३२ बाइंडर क्लिपा आणि सायकलची जुनी ट्यूब.
- ४ किलोचा गोळाफेकीचा गोळा. मुलींच्या स्पर्धेतला हा गोळा बहुतेक शाळांत असतो.
- ६३ मिमी पीव्हीसी पाइपचा ८ सेंमी तुकडा. शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला चालतो, फक्त उन्हाने ठिसूळ झालेला नको. त्यावर बसणारी होज क्लिप.
- ५ लिटरची बादली, कोरडी वाळू, नायलॉनची दोरी.
- १६ मिमीच्या काचेच्या १०० गोट्या आणि बेअरिंगच्या दुकानात मिळणारे १२ मिमीचे २०-२५ छर्रे.
- वायरिंगच्या केसिंग पट्टीचा ६० सेंमी तुकडा, शिंप्याचा खडू, पाणसळ, स्लो मोशन व्हिडिओ घेणारा मोबाइल.

कापडावर रांगोळी, हळद किंवा पावडर टाकून ‘वायूची चकती’ दाखवायचा मोह टाळा. सांगलीत हळद हाताशी असते म्हणून हे वारंवार होतं. पावडर लोळत नाही, कापडात बसते आणि नंतर एकही गोटी दोन फेऱ्यांच्या पुढे जात नाही.

## टप्पा १: रिंग आणि पातळी

१. रिंगचा व्यास चार दिशांनी मोजा. फरक १ सेंमीच्या आत हवा. वेल्डिंगचा जोड ग्राइंडरने सपाट करून घ्या, नाहीतर कापड तिथेच फाटेल.

२. सायकलची ट्यूब उभी चिरून रिंगभर गुंडाळा. ट्यूब नसेल तर क्लिपा सळईवरून घसरतात आणि कापडाचा ताण दर अर्ध्या तासाने बदलतो.

३. रिंग जमिनीपासून ९० सेंमी उंचीवर, चार सारख्या स्टुलांवर ठेवा. खाली बादली लोंबणार आहे, म्हणून मधली जागा मोकळी हवी. पाणसळ रिंगवर दोन दिशांनी लावून बघा. शाळेच्या व्हरांड्याला पाण्याचा उतार असतो, त्यामुळे एखाद्या स्टुलाखाली पुठ्ठा लागतोच.

## टप्पा २: कापड ताणणं

नव्वद टक्के मॉडेलं इथेच बिघडतात, म्हणून वेळ द्या.

१. कापड सैल असतानाच मधोमध खडूने २० सेंमीची आडवी आणि २० सेंमीची उभी रेघ मारा, अधिकच्या चिन्हासारखी.

२. क्लिपा जोडीने लावा: एक इकडे, दुसरी बरोबर समोर. आधी ४, मग त्यांच्या मधे ४, मग ८, शेवटी १६. गाडीच्या चाकाचे नट आवळताना हीच पद्धत वापरतात, कारणही तेच. एका कडेने सुरुवात करून गोल फिरत गेलात तर शेवटच्या क्लिपांपाशी सुरकुत्या जमतात.

३. आता दोन्ही रेघा मोजा. प्रत्येक २२ सेंमी भरली पाहिजे. एक २२ आणि दुसरी २१ भरली तर २१ वाल्या दिशेच्या समोरासमोरच्या क्लिपा काढून पुन्हा ओढा. ताण असमान असला की गोटीची फेरी लांबट होते आणि बघणारा विचारतो, “ही अशी तिरकी का फिरते?” याला खगोलशास्त्रात उत्तर नाही. उत्तर क्लिपेत आहे.

तपासणी: वजन न ठेवता कापडावर मधोमध गोटी ठेवा. ती जागेवर राहिली पाहिजे. एका बाजूला सरकली तर पातळी चुकली आहे.

इथून पुढे क्लिपांना हात लावायचा नाही. का ते टप्पा ४ मध्ये कळेल.

## टप्पा ३: आधी तारा, मग कृष्णविवर

कापड लगेच कापायला घेऊ नका. पहिलं मोजमाप अखंड कापडावरच घ्यायचं आहे.

१. गोळाफेकीचा ४ किलोचा गोळा मधोमध अलगद ठेवा. हा आपला तारा. कापड साधारण २० ते २५ सेंमी खाली यावं. फारच कमी आलं तर ताण जास्त आहे. ३५ च्या पुढे गेलं तर कापड हलकं किंवा सैल आहे.

२. केसिंग पट्टी काठाशी अशी टेकवा की गोटी केंद्राकडे न जाता रिंगला समांतर निघेल. पट्टीचं वरचं टोक खालच्यापेक्षा ४ ते ६ सेंमी उंच धरा. एवढ्या उतारावरून आलेल्या गोटीचा वेग या कापडावर गोल फेरी घ्यायला साधारण पुरतो. गोटी काठाकडे पळाली तर उंची अर्धा सेंमी कमी करा, लगेच आत वळली तर वाढवा.

३. केंद्रापासून ४५ सेंमीवर पहिली पूर्ण फेरी किती वेळात होते ते स्लो मोशनमध्ये मोजा. साडेतीन ते चार सेकंदांच्या आसपास यावी. दहा वेळा मोजून सरासरी लिहून ठेवा. गोटी चार-पाच फेऱ्या तरी काढते ना, हेही बघा. त्याआधीच थांबत असेल तर कापड ओल्या फडक्याने पुसून वाळवा.

हातात मोठा नारळ घेऊन ‘हा सूर्य’ म्हणण्यापेक्षा ही लिहिलेली सरासरी परीक्षकाला जास्त पटते.

## टप्पा ४: तेवढ्याच वजनाचं विवर

१. पाइपच्या तुकड्याची वरची कड १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल घासा. खालच्या कडेपासून दीड सेंमीवर समान अंतराने तीन भोकं पाडा आणि दोऱ्या ओवा.

२. गोळा काढा. तुकडा कापडाच्या खालून, तोंड वर करून, बरोबर मध्यावर धरा. कापड तोंडावरून बाहेर खाली ओढून होज क्लिपने आवळा. क्लिप भोकांच्या वर हवी.

३. क्लिप आवळल्यावरच तोंडावरचं कापड ब्लेडने कापा, कडेने अर्धा सेंमी आत सोडून. आधी भोक पाडून मग पाइप बसवायला गेलात तर ताणामुळे चीर काठापर्यंत धावते आणि दीड मीटर कापड वाया जातं. ब्लेड मोठ्या माणसानेच हाताळावं.

४. दोऱ्यांना बादली बांधा. पाइप, होज क्लिप, दोरी, बादली आणि वाळू मिळून बरोबर ४ किलो भरलं पाहिजे. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आधीच वजन करून आणा. गोट्या बादलीत पडतील तेव्हा वाळूमुळे आवाज होत नाही आणि त्या उसळतही नाहीत.

५. पट्टी त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवून पुन्हा ४५ सेंमीवरची फेरी मोजा.

वेळ जवळपास तीच येते. मधला खड्डा आता जास्त खोल आणि अरुंद दिसतो, पण बाहेरचा उतार बदललेला नसतो. बाहेरचा उतार फक्त मधल्या एकूण वजनावर ठरतो, ते वजन गोळ्यात आहे की नळीत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आकाशातही असंच आहे. सूर्याच्या जागी सूर्याइतक्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं तर त्याची त्रिज्या जेमतेम ३ किलोमीटर असेल. अंधार आणि गारठा पडेल, पण पृथ्वी त्याच कक्षेत, ३६५ दिवसांतच फेरी मारत राहील.

मधे क्लिपा हलल्या असतील तर ही तुलना बाद. टप्पा २ पासून पुन्हा सुरू करा.

आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. एस-२ नावाचा तारा त्याच्याभोवती १६ वर्षांत एक फेरी घेतो. २०१८ मध्ये तो पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १२० पट इतक्या जवळून गेला आणि परत बाहेर पडला. “ओढून घेतं” म्हणणाऱ्याला हे उदाहरण द्या.

## टप्पा ५: तीन वर्तुळं

नळीची बाहेरची त्रिज्या सुमारे ३.१५ सेंमी. हे आपलं घटना क्षितिज, म्हणजे जिथून प्रकाशही परतत नाही ती सीमा. एवढ्या आकाराच्या कृष्णविवराचं वस्तुमान साडेतीन पृथ्व्यांइतकं असतं. एका पृथ्वीचं केलं तर त्रिज्या ९ मिलिमीटर, म्हणजे गोटीएवढंच.

खडूने दोन वर्तुळं काढा:

- ४.७ सेंमी त्रिज्येचं, क्षितिजाच्या दीडपट. इथे प्रकाशच गोल फिरू शकतो.
- ९.५ सेंमीचं, तिप्पट. न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवती द्रव्याला टिकून फिरता येईल अशी ही सगळ्यात आतली कक्षा. फिरणाऱ्या वायूच्या चकतीची आतली कड इथे असते.

उतारावर पट्टी टेकवून मोजू नका, तिरकं अंतर जास्त भरतं. त्याऐवजी वर्तुळाचा घेर दोऱ्याने मोजा आणि ६.२८ ने भागा. गंमत म्हणजे कृष्णविवराजवळची ‘त्रिज्या’ शास्त्रज्ञही घेरावरूनच ठरवतात, कारण तिथे सरळ आत मोजलेलं अंतर घेराशी जुळत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगा: कापडावर ९.५ सेंमीपाशी काहीही विशेष घडत नाही. गोटी त्याच्या आतही फिरेल. ते वर्तुळ आपण काढलं आहे, कापडाने नाही.

## टप्पा ६: गोट्या सोडायचा क्रम

याच क्रमाने करा.

अ. सरळ. एक गोटी वेग न देता ४५ सेंमीवरून सोडा. थेट आत. म्हणा: “अवकाशात इतकी सरळ पडणारी वस्तू क्वचित.”

आ. आडवी. तीच गोटी पट्टीवरून. ती फेऱ्या घेत, वर्तुळ लहान करत आत येते. का येते? कापड घासतं म्हणून. खऱ्या चकतीत कापड नसतं, वायूचा एक थर दुसऱ्याला घासतो. हे घासणं चुंबकीय क्षेत्रांमुळे माजणाऱ्या खळबळीतून होतं. फिरणं बाहेरच्या थराकडे जातं आणि वस्तुमान आत सरकतं.

इ. थवा. दोघांनी एकाच बाजूने, एकाच दिशेने ३०-४० गोट्या भराभर सोडा. थोड्या वेळात त्या एका पट्ट्यात फिरताना दिसतात. ही चकती.

ई. उलटसुलट. अर्ध्या गोट्या घड्याळाच्या दिशेने, अर्ध्या उलट. टक्कर झाली की दोघींचं फिरणं एकमेकींत विरतं आणि त्या लगेच आत जातात. ‘फिरणं सुटलं की पडणं’ हे यापेक्षा स्पष्ट दुसऱ्या कशानेच दिसत नाही. पोरांचा कल्लाही इथेच होतो.

उ. वाढ. शंभर गोट्या आत गेल्यावर बादली अर्धा किलोने जड झालेली असते. नळीचं तोंड किती खाली आलं ते मोजा. गिळलेल्या द्रव्याने कृष्णविवराचं वस्तुमान वाढतं आणि क्षितिजही. कापडावर तोंड तेवढंच राहतं, म्हणून वस्तुमान वाढेल तशी त्रिज्या त्याच प्रमाणात वाढते हे बोलून सांगा.

छर्रे वेगळे चालवून बघा: गोटीपेक्षा जड असूनही फेरीचा वेळ जवळपास तोच येतो.

⚠ जमिनीवर पडलेला छर्रा आणि गुळगुळीत फरशी यांची जोडी वाईट. स्टुलांभोवती सतरंजी अंथरा.

⚠ एकदम खूप गोट्या आल्या की नळीच्या तोंडाशी अडकतात. “कृष्णविवराला एका वेळी एवढंच खाता येतं” असं सांगायला हे वापरू नका. ती मर्यादा खरी आहे, पण गर्दीमुळे नाही. तापलेल्या वायूचा प्रकाशच मागून येणाऱ्या वायूला बाहेर ढकलतो. विवराच्या दर एका सूर्याइतक्या वस्तुमानामागे साधारण ३३ हजार सूर्यांइतकी चमक झाली की प्रकाशाचा बाहेर ढकलणारा आणि गुरुत्वाकर्षणाचा आत खेचणारा असे दोन्ही जोर बरोबरीला येतात.

## टप्पा ७: कापड दाखवू शकत नाही ते वेगळ्या तक्त्यावर

उष्णता, प्रकाश आणि झोत (विवराजवळून वेगाने बाहेर सुटणारं द्रव्य) कापडावर चिकटवू नका. कापडाची खोली ही अवकाशातली दिशा नाही, त्यामुळे नळीतून वर उभी केलेली चमकदार झोताची काठी पूर्ण चुकीची. झोत क्षितिजाच्या आतून निघतच नाही. तो बाहेरूनच, चुंबकीय क्षेत्रांच्या जोरावर, फिरण्याच्या अक्षाच्या दोन्ही बाजूंना सुटतो. एम-८७ दीर्घिकेतला झोत काही हजार प्रकाशवर्षं लांब आहे.

पुठ्ठ्याची सपाट चकती करा. बाहेरून आत: तांबडा, नारिंगी, पिवळा, पांढरा, निळसर. बहुतेकजण आतली कड लाल रंगवतात, कारण घरात तापलेलं म्हणजे लाल. लोहाराच्या भट्टीत बघा: लाल लोखंड आणखी तापलं की पांढरं होतं. ताऱ्याएवढ्या कृष्णविवराच्या चकतीची आतली कड एक कोटी अंशांच्या घरात जाते आणि मुख्यतः क्ष-किरण फेकते. लक्षावधी-अब्जावधी सूर्यांच्या विवरांची चकती तुलनेने थंड, लाखभर अंशांची, तिचा जोर अतिनील किरणांत.

“मग ते नारिंगी चित्र?” हा प्रश्न येणारच. १० एप्रिल २०१९ ला प्रसिद्ध झालेलं एम-८७ च्या कृष्णविवराचं चित्र १.३ मिमीच्या रेडिओ लहरींचं आहे. नारिंगी रंग दिलेला आहे, दिसलेला नाही. त्यातला काळा गोल क्षितिजापेक्षा अडीचपटीहून मोठा आहे, कारण वाकलेल्या प्रकाशाची सावली मोठी पडते. आणि कडं एका बाजूला जास्त उजळ आहे, कारण तिथला वायू आपल्या दिशेने येतोय. तुमच्या पुठ्ठ्यावरही एक बाजू उजळ ठेवा.

तक्त्यावर एकच आकडा मोठ्या अक्षरात लिहा. न फिरणाऱ्या कृष्णविवराकडे सरकताना द्रव्याच्या वस्तुमानाचे सुमारे ५.७ टक्के ऊर्जा म्हणून बाहेर पडतात, अतिवेगाने फिरणाऱ्या विवराजवळ ४२ टक्क्यांपर्यंत. हायड्रोजनचं हेलियम होताना सूर्यात ०.७ टक्के.

आणि भोवऱ्याची उपमा टाळा. संगमावर हरिपूरला कृष्णेत भोवरा सगळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून ती जिभेवर येते. पण भोवऱ्यात वाहतं पाणी वस्तूला आपल्याबरोबर नेतं. कृष्णविवराभोवतीच्या कक्षेत तसं नेणारं कोणी नाही.

## टप्पा ८: रात्री खरं उदाहरण दाखवणं

उदाहरण म्हणजे हंस तारकासमूहातलं सिग्नस एक्स-१: एक कृष्णविवर आणि त्याचा जोडीदार तारा. वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाऊस पूर्ण ओसरल्यावर. जत, आटपाडी, माण, खटाव या बाजूचं आकाश जास्त कोरडं आणि अंधारं. सांगली-मिरजेच्या मधे उभं राहून हे जमणार नाही.

१. ऑक्टोबरच्या मध्यावर साडेसातच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून जवळजवळ डोक्यावर हंस तारकासमूह बघा. शेपटीचा डेनेब आणि चोचीचा आल्बिरिओ यांच्या मधे, मानेत, चौथ्या प्रतीचा ईटा सिग्नी हा तारा आहे (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा मंद).

२. दुर्बीण ईटावर आणा. तिथून पूर्वेला, किंचित उत्तरेला, पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षा थोडं कमी सरका. जवळजवळ सारख्या तेजाचे दोन तारे खेटून दिसतील. त्यांच्यापैकी एक विवराचा जोडीदार, ताऱ्यांच्या यादीतला एचडीई २२६८६८, ८.९ प्रतीचा. १०×५० ची द्विनेत्री अगदी काळ्या आकाशातच पुरते. चार-सहा इंची दुर्बीण असेल तर सोपं.

३. हा महाराक्षसी तारा आणि सूर्याच्या सुमारे २१ पट वस्तुमानाचं कृष्णविवर ५.६ दिवसांत एकमेकांभोवती फेरी घेतात. अंतर सुमारे ७२०० प्रकाशवर्षं. ताऱ्याचा वारा विवराकडे वळतो, चकती होते, क्ष-किरण निघतात. ते वातावरण पार करत नाहीत, म्हणून २०१५ मध्ये सोडलेल्या आपल्या ॲस्ट्रोसॅटसारख्या उपग्रहांतूनच टिपावे लागतात.

नळकांड्याला डोळा लावणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की दिसतो तो ठिपका ताऱ्याचा आहे, विवराचा नाही. धुळीमुळे तो निळाही दिसणार नाही. नाव सिग्नस एक्स-१ ऐकून लोक काळं भोक शोधत बसतात, रांग अडते आणि मागच्यांची पाळी येईपर्यंत हंस पश्चिमेला कलतो.